उधारीची वही आणि तिची दुसरी प्रत

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यातील अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः परंडा आणि भूम तालुक्यांत, जो हाहाकार उडविला त्याचे पंचनामे झाले. खरवडून गेलेली जमीन, वाहून गेलेली जनावरे, पडलेली घरे यांच्या याद्या तयार झाल्या. परंतु एका नुकसानीसाठी पंचनाम्याच्या कागदावर रकानाच नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या एका कृषी सेवा केंद्रात कमरेएवढे पाणी शिरले. खताच्या गोण्या विरघळल्या. त्यांची मोजदाद करता आली. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला संगणक, ज्याला दुकानातील मंडळी कौतुकाने 'सर्व्हर' म्हणत, पाण्यात बुडाला. आणि त्यावरील हिशेबाची दररोज न चुकता घेतली जाणारी नक्कल ज्या हार्ड डिस्कवर होती, ती त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती.

ही घटना कोणत्या महिन्यात घडली हे लक्षात घेतले पाहिजे. आपल्याकडे जूनमध्ये बियाणे, खते आणि औषधे उधारीवर जातात, आणि वसुली होते ती सोयाबीन बाजारात आल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस उधारी शिखरावर असते. त्या घटकेला दुकानदाराची खरी मालमत्ता गोदामात नसते, ती इतरांकडील येण्यात असते. गोदामातील मालाचा विमा उतरविता येतो. कोणाकडे किती येणे आहे या ज्ञानाचा विमा लहान दुकानदार उतरवीत नाही. बहुसंख्य शेतकऱ्यांनी, स्वतःचे पीक पाण्यात असताना, आपणहून येऊन आकडे सांगितले हे नमूद केलेच पाहिजे. पण वडील एक आकडा सांगत आणि मुलगा दुसरा. आणि अशा वादात पैशापेक्षा संबंधच अधिक झिजतात. अखेरीस उपयोगी पडल्या त्या माळ्यावर टाकलेल्या बिलबुकांच्या कार्बन प्रती. कीर्दीवरून खतावणी पुन्हा उभी करता येते, हे जुन्या मुनिमांना ठाऊक असलेले तत्त्वच येथे कामास आले.

हा धडा या भूमीला नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. पुढे पुनर्वसनात कुटुंबाला २५०, ४५० की ७५० चौरस फुटांचे घर मिळावे, हे त्याच्या जमीनधारणेवरून ठरविण्यात आले. जमिनीची नोंद गावाबाहेरच्या सरकारी दप्तरांतही होती, म्हणून हा हिशेब शक्य झाला. गावातील किराणा दुकानाच्या वहीला मात्र अशी दुसरी जागा नव्हती.

साधनसंपन्नांनाही हे भान असतेच असे नाही. आपल्याकडे पूर आला त्याच आठवड्यात, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रास विद्युतघटांमुळे आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांच्या ८५८ टेराबाइट कागदपत्रांची अन्यत्र कोठेही प्रत नव्हती. ती नष्ट झाली. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा!

मग लहान व्यावसायिकाने करावे तरी काय? प्रथम दोन प्रश्नांची उत्तरे त्याने स्वतःच द्यावीत. अखेरच्या किती तासांच्या नोंदी गमावणे आपल्याला परवडेल? आणि किती वेळ व्यवहार बंद ठेवणे परवडेल? शिकवणी वर्गाला आठवड्याची नोंद गेली तरी चालेल. पिग्मीचा भरणा रोज स्वीकारणाऱ्या पतसंस्थेला एका दिवसाचीही चालणार नाही. हे तास जसजसे कमी करावेत तसतसा खर्च वाढत जातो. जेथे वाढीव खर्च टळणाऱ्या नुकसानीपेक्षा अधिक होऊ लागतो तेथे थांबावे, एवढेच अर्थशास्त्र यात आहे.

संगणक-व्यवहारातील प्रचलित नियम असा की, माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी. यात आणखी एका अटीची भर घालावीशी वाटते: एक प्रत नेहमी संगणकापासून तोडून ठेवलेली असावी. खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणारा विषाणू जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. शिवाय रोज जुन्या प्रतीवरच नवी उतरविली, तर कालची चूक आज प्रतीतही पोचते. म्हणून आठवड्याची आणि महिन्याची प्रत वेगळी जपावी.

'आमचे सर्व काही कंपनीच्या सर्व्हरवर आहे' असे सांगणारेही भेटतात. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरविणाऱ्या कंपनीवर असाच खंडणीचा हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडले; त्यांत सहकारी व ग्रामीण बँकांचाच भरणा होता. सेवा दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाली हे खरे, पण त्या दिवशी ग्राहक ज्या खिडकीपाशी उभा होता ती त्याच्या बँकेची होती, कंपनीची नव्हे.

प्रत घेणे आणि प्रतीवरून काम पुन्हा सुरू करणे या भिन्न गोष्टी आहेत. गिटलॅब या प्रसिद्ध कंपनीत जानेवारी २०१७ मध्ये एका अभियंत्याच्या हातून चालू माहितीसाठा पुसला गेला. प्रती ठेवण्याच्या पाच पद्धती होत्या. वेळेला त्यांपैकी एकही धड उपयोगी पडली नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वीची एक नक्कल हाती लागली, म्हणून निभावले. आपल्याकडे तर बहुधा केवळ हिशेबाची फाइल जपली जाते. नवा संगणक आणून त्यावर मूळ प्रणाली, हिशेबाचा कार्यक्रम, त्याचा परवाना, छपाईयंत्र हे सारे जुळविण्यात दोन-तीन दिवस सहज जातात. महिन्यातून एकदा संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा घेऊन ठेवली आणि एखादा जुना पण चालू संगणक हाताशी असला, तर हेच काम काही तासांत होते.

आरंभी उल्लेखिलेल्या दुकानात आता संगणक उंच फळीवर आहे आणि एक डिस्क दर शनिवारी मालकांच्या बहिणीकडे तुळजापूरला जाते. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एका रविवारी मुद्दाम त्या डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर दुकान 'उघडून' पाहिले. पहिल्या खेपेस दीड दिवस लागला, कारण हिशेबाच्या कार्यक्रमाचा परवलीचा शब्द केवळ पुण्यास शिकणाऱ्या पुतण्याला ठाऊक होता आणि त्याची परीक्षा चालू होती. आता तो शब्द एका बंद पाकिटात, बहिणीच्याच कपाटात, डिस्कपासून वेगळ्या खणात ठेवलेला आहे.