डब्यावरची खूण आणि पेशीतला कारागीर

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांनी मुंबईला डबेवाले दिले. १८९० पासूनचा हा धंदा झाकणावर रंगवलेल्या खुणांवर चालतो. डबा तोच, आतली भाजी-भाकरी तीच; पण खूण बदलली की डबा चर्चगेटऐवजी अंधेरीला उतरतो. जनुकांचा कारभार समजावून सांगायला मला याहून जवळचा दाखला सापडलेला नाही.

आपल्या यकृताच्या आणि डोळ्याच्या पेशीत डीएनए एकच असतो. कोणते जनुक चालू आणि कोणते बंद, एवढाच फरक. बंद ठेवण्याची एक मुख्य खूण म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’वर चिकटवलेला मिथाइल गट. जनुकाच्या तोंडाशी अशा खुणा दाटल्या की ते सहसा गप्प बसते. गर्भ वाढताना या खुणा लावाव्याही लागतात आणि काढाव्याही लागतात. लावणारी एन्झाइमे आधी सापडली. काढणारा कोण, हे कोडे मात्र बरीच वर्षे अडून राहिले, कारण हा गट सहजी सुटत नाही.

उत्तर मिळाले ते दुरुस्ती खात्यात. डीएनए रोज झिजतो, आणि तो सांधणारी प्रथिने पेशीत अखंड राबत असतात. (२०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच शोधांना मिळाले.) त्यांपैकी टीडीजी नावाच्या प्रथिनाचे काम आधीपासून ठाऊक होते. खूण लावलेला ‘सी’ बिघडला की त्याचा ‘टी’ होतो. तो चुकीचा ‘टी’ हे प्रथिन कापून काढते. २००९ मध्ये अंजना राव यांच्या हार्वर्डमधल्या गटाने दाखवले, की टेट नावाचे एन्झाइम मिथाइल गटावर ऑक्सिजन चढवून त्याचे रूप पालटते. २०११ मध्ये पुढची कडी जुळली : हे पालटत गेलेले रूप टीडीजी ओळखते, ते अक्षरच कापते आणि रिकाम्या जागी कोरा ‘सी’ बसतो. म्हणजे रंग खरवडण्याऐवजी पत्र्याचा तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा! द्राविडी प्राणायाम वाटेल. पण कारागीर घरातच असताना निसर्ग दुसरा कशाला शोधेल?

याचा खरा पुरावा उंदरांनी दिला. टीडीजीसारखी इतर कापणारी प्रथिने एकेक काढून टाकली तरी उंदराची पिल्ले जन्मतात, जगतात. टीडीजी काढले तर मात्र गर्भ साधारण बाराव्या दिवसाच्या आतबाहेर मरतो. अशा गर्भांच्या पेशींत वाढीच्या जनुकांच्या तोंडाशी भलत्या खुणा साचलेल्या दिसल्या.

असा दुहेरी नोकर एकटा टीडीजीच नाही. टीएफआयआयएच हा प्रथिनसमूह डीएनएचा पीळ उकलतो. दुरुस्तीसाठीही आणि जनुक वाचायला सुरुवात करतानाही. त्यातल्या एक्सपीडी या एकाच प्रथिनात एके ठिकाणी दोष आला तर उन्हाने त्वचेचा कर्करोग होतो, दुसऱ्या ठिकाणी आला तर केस ठिसूळ होतात आणि वाढ खुंटते. पहिला दुरुस्तीचा आजार, दुसऱ्याचे मूळ बहुधा वाचनात.

आपल्याकडे या विषयाचा रुग्णांशी संबंध येतो तो परळला. केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत फँकोनी अॅनिमियाचे निदान होते. १९२७ मध्ये गुइडो फँकोनींनी वर्णिलेल्या या आजारात डीएनएच्या दोन धाग्यांमधली गाठ सोडवणारी यंत्रणा बिघडलेली असते. काही मुले अंगठ्याविना किंवा वाकड्या अंगठ्याने जन्मतात, उंची कमी राहते, पुढे अस्थिमज्जा आटते. चाचणी साधी : रक्ताच्या पेशींना मायटोमायसिन द्यायचे आणि गुणसूत्रे किती तुटतात ते मोजायचे.

आजाराच्या बहुतेक प्रकारांत आई आणि वडील दोघांकडूनही दोषी जनुक यावे लागते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्या भागात अनेक घरांत आहे. अशा जोडप्याच्या मुलात कुठल्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १६ त १ असते. म्हणून रीत वाईट ठरत नाही. बहुतेक मुले निरोगीच असतात. पण अंगठ्याचा दोष आणि घटणारे रक्त एकत्र दिसले, तर लोहाच्या गोळ्यांवर वर्ष घालवू नये. भावंडांचीही चाचणी करावी लागते, कारण अस्थिमज्जा द्यायला पुढे आलेला भाऊ धडधाकट दिसला तरी त्यालाही तोच आजार असू शकतो.