टिटवाळ्याचा ठिपका : बोलींच्या नकाशाची निगा

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या मध्य रेल्वेच्या मार्गावर शहाड आणि आंबिवलीनंतर येणारे टिटवाळा महागणपतीच्या मंदिरामुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असले, तरी बोलींच्या अभ्यासकाला ते वेगळ्याच कारणाने महत्त्वाचे वाटते. त्याच्या पश्चिमेस खाडीकडे आगरी आणि कोळी समाजांच्या बोली आहेत, पूर्वेस मुरबाड-शहापूरच्या बाजूला कुणबी, ठाकूर आणि कातकरी यांच्या बोली आहेत, आणि गेल्या काही दशकांत परवडणाऱ्या घरांच्या शोधात आलेल्या कुटुंबांबरोबर खानदेशाची, विदर्भाची आणि घाटावरची मराठीही येथे मुक्कामाला आली आहे. बोलींचा नकाशा संगणकाच्या पडद्यावर मांडणाऱ्याला हे सगळे एका ठिपक्यात बसवावे लागते. आणि तो ठिपका एकदा बसवला म्हणजे काम संपले, ही समजूत अशा साधनांच्या मुळावर येते.

मराठी बोलींच्या पद्धतशीर नोंदींना सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात आगरी, कोळी, ठाकरी, कातकरी, वारली अशा उत्तर कोकणातील अनेक बोलींचे नमुने आले. नमुन्यासाठी बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा ठरवून दिलेली होती आणि ती स्थानिक माणसांकडून त्या त्या बोलीत उतरवून घेतली जाई. त्यामुळे तुलना सोपी झाली, पण अनुवादाची आणि लिखित भाषेची छायाही त्या नमुन्यांवर पडली. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी साठच्या दशकापासून राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळासाठी एकेका बोलीचे स्वतंत्र वर्णन करणारी मालिका सिद्ध केली. तिच्यात ठाण्याच्या वारलीलाही जागा मिळाली आणि महाडच्या कुणबीलाही. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ साली आला. हे सारे ग्रंथ आहेत, आणि ग्रंथाचा मोठा गुण असा की कपाटात ठेवला तरी तो टिकतो, त्याला वीज लागत नाही आणि त्याची अक्षरे आपोआप बिघडत नाहीत.

पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी प्रा. सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली हाती घेतलेले मराठी बोलींचे सर्वेक्षण मात्र पहिल्यापासून संकेतस्थळाच्या रूपात मांडले गेले. गावोगावी जाऊन बोलणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण करायचे, नातेवाचक शब्दांसारखे शब्दसमूह आणि विभक्ती-क्रियापदांची रूपे टिपायची आणि त्यांचा फैलाव नकाशावर दाखवायचा, ही त्याची रीत आहे. एखादे रूप कोठपर्यंत चालते आणि कोठून बदलते हे दाखवणाऱ्या रेषेला भाषाविज्ञानात समभाषारेषा म्हणतात. ‘मला’ या एका रूपाचा शोध घेतला तरी विदर्भात ‘मले’, आगरीत ‘मना’ अशी रूपे हाती लागतात. गंमत अशी की अहिराणीत ‘मना’ म्हणजे ‘माझा’. तेव्हा अर्थ आणि व्याकरण यांची नोंद न करता केवळ शब्दांची जुळवणी केली, तर ठाणे आणि धुळे एकाच रंगात रंगून निघतील, आणि टिटवाळ्यात शेजारी-शेजारी राहणारी आगरी व खानदेशी कुटुंबे एकच बोली बोलतात असा नकाशाचा निर्वाळा मिळेल.

जगात हे काम जुने आहे. जर्मनीत गेओर्ग वेंकर यांनी १८७६ पासून शाळामास्तरांना टपालाने वाक्ये पाठवून ती स्थानिक बोलीत मागवली आणि पुढे ४० वाक्यांच्या या प्रश्नावलीला ४० हजारांहून अधिक गावांतून उत्तरे आली. फ्रान्समध्ये झील झिलिएराँ यांच्यासाठी एदमाँ एदमाँ हे तीक्ष्ण कानांचे गृहस्थ १८९७ ते १९०१ या काळात ६३९ ठिकाणी हिंडले. वेंकर यांच्या परंपरेतील हाताने रंगवलेले दीड हजारांहून अधिक नकाशे मारबुर्ग येथे २००१ ते २००९ या काळात संगणकावर आणले गेले आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या प्रकल्पात ध्वनिमुद्रणांशी जोडले जाऊ लागले. सव्वाशे वर्षांपूर्वीचा कागद आजही उपयोगी पडतो, कारण तो जपणारी संस्था आणि माणसे सलग राहिली.

नेदरलँड्समधील ख्रोनिंगेन विद्यापीठात तयार झालेले ‘गॅबमॅप’ हे साधन याहून वेगळ्या जातीचे आहे. त्यात अभ्यासक आपला नकाशा आणि आपली शब्दांची तक्ता-फाइल चढवतो आणि कोणती गावे बोलीच्या दृष्टीने किती जवळची हे साधन मोजून दाखवते. मोजण्याची युक्ती रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेवेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडली : एका शब्दाचा दुसरा करण्यासाठी कमीत कमी किती ध्वनी घालावे, काढावे किंवा बदलावे लागतात ते मोजायचे. प्रमाण मराठीतील ‘घोडा’ आगरीत ‘घोरा’ होतो, ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘जवळ’चे ‘जवल’ होते. प्रत्येक जोडीत अंतर एकाचे. शेकडो शब्दांची अशी अंतरे एकत्र केली की गावांचे गट पडतात.

येथेच निगेचा पहिला आणि सर्वांत नाजूक प्रश्न उभा राहतो. जुन्या टंकांत, म्हणजे युनिकोडपूर्व काळातील आपापल्या खुणा वापरणाऱ्या फाँटांत, टाइप केलेली सामग्री आज उघडली तर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. ती युनिकोडमध्ये आणावी लागते. युनिकोडमध्येही एकच दिसणारे अक्षर दोन प्रकारे साठवता येते. नुक्ता दिलेला ‘ड’ एक अखंड अक्षर म्हणूनही लिहिता येतो किंवा ‘ड’ आणि सुटा नुक्ता असा जोडूनही, ‘ऱ’चेही तसेच. डोळ्याला फरक शून्य, पण संगणक त्यांना भिन्न समजतो आणि दोन टंकलेखकांच्या सवयींमुळे दोन गावांमध्ये नसलेले अंतर उभे राहते. उलट ‘चार’ आणि ‘चमचा’ यांतील ‘च’चे दोन उच्चार देवनागरीत एकाच अक्षराने लिहिले जातात, त्यामुळे असलेले अंतर पुसले जाते. पहिली चूक नियम लावून सुधारता येते. दुसरीसाठी मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि म्हणून ध्वनी न दाबलेल्या मूळ प्रतीत जपणे हा या सगळ्या कामाचा पाया मानला पाहिजे. जागा वाचवण्यासाठी केवळ दाबलेली प्रत ठेवणे म्हणजे पुढच्या अभ्यासकाचा कान कापणे होय.

दुसरा प्रश्न जमिनीचा. ग्रिअर्सनच्या खंडात ‘ठाणे’ म्हणून आलेला नमुना आजच्या नकाशावर कोठे ठेवायचा? १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि जुन्या ठाण्यातील वारलीचा मोठा प्रदेश नव्या नावाखाली गेला. नंतर औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नोंदी जिल्ह्याच्या नावाने बांधलेल्या असतील, तर प्रत्येक बदलाबरोबर नकाशात भोके पडतात. अक्षांश-रेखांशाने बांधलेल्या असतील, तर सीमा कितीही हलल्या तरी ठिपका जागेवर राहतो आणि नावांचा इतिहास वेगळ्या तक्त्यात ठेवता येतो. कल्याण-डोंबिवली महापालिकेत गेलेले मांडा-टिटवाळा हे याचेच उदाहरण आहे : गाव म्हणून जुन्या कागदांत स्वतंत्र, प्रशासनाच्या लेखी प्रभाग, आणि बोलणाऱ्याच्या तोंडी अजूनही दोन वेगळी गावे.

तिसरा प्रश्न यंत्राचा. तो थोडक्यात सांगता येतो, पण साधने बहुधा त्यानेच मरतात. फ्लॅश या तंत्रावर चालणारे कित्येक परस्परसंवादी नकाशे ३१ डिसेंबर २०२० नंतर उघडेनासे झाले, कारण त्याच्या निर्मात्यांनी त्या दिवशी आधार काढून घेतला. पायथन या संगणकीय भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. गूगलच्या नकाशांवर विसंबलेल्या लहान संकेतस्थळांना २०१८ पासून किल्ली आणि बिलाची व्यवस्था करणे भाग पडले. ओपन-स्ट्रीट-मॅप या लोकनिर्मित नकाशाकडे वळणे हा त्यावरचा शहाणपणाचा मार्ग ठरतो. संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण, सुरक्षेचे प्रमाणपत्र आणि सामग्रीच्या दुसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती यांसाठी नेमून दिलेला माणूस लागतो. सर्वेक्षणाला अनुदान मिळते ते ठरावीक मुदतीचे; मुदत संपल्यावर त्या माणसाचा पगार कोणत्या रकान्यातून निघावा, याचे उत्तर आरंभीच लिहून ठेवले नाही, तर वर्षानुवर्षांची पायपीट एका बंद पडलेल्या पानामागे अडकून राहते.

या तिन्हींपेक्षा अवघड काम म्हणजे नवी भर. बोलींच्या नकाशाचा परंपरागत निवेदक म्हणजे त्याच गावात जन्मलेला, फारसा बाहेर न गेलेला वयस्क माणूस. टिटवाळ्यात तसा माणूस मिळेल, पण त्याची नात पहाटेच्या लोकलने ठाण्याला किंवा मुंबईला जाते, घरात ‘घोरा’ आणि कचेरीत ‘घोडा’ म्हणते, आणि तिच्या इमारतीत ‘मले’ म्हणणारे शेजारी आहेत. जुन्या नोंदीवर नवी नोंद लिहून टाकली तर बदलाचा पुरावाच नष्ट होतो. म्हणून प्रत्येक नोंदीला दिनांक, वय, लिंग, समाज आणि वास्तव्याचा काळ जोडून ती वेगळ्या थरात ठेवावी लागते आणि वाचकाला थर बदलून पाहता यावेत अशी सोय करावी लागते. बोलणाऱ्याची संमती घेणे आणि त्याचे नाव झाकणे हेही त्या निगेतच येते. कातकरीसारख्या बोलीबाबत हे अधिक जपून करायचे असते, कारण वस्ती लहान असेल तर वय आणि पाड्याचे नाव एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

ग्रिअर्सनच्या काळातील ग्रामोफोनच्या तबकड्यांचे ध्वनी आज शिकागोच्या डिजिटल संग्रहातून ऐकता येतात. टिटवाळ्याच्या ठिपक्यावर बोट ठेवल्यावर १९०५ च्या खंडातील आगरी परिच्छेद, आजच्या आजोबांचा आवाज आणि नातीचा आवाज एकापाठोपाठ उमटावेत, एवढी रचना आजच्या तंत्राला सहज झेपण्यासारखी आहे. त्यासाठी लागणाऱ्या तीन गोष्टींपैकी परिच्छेद छापील खंडात आहे आणि नात पुढची अनेक वर्षे बोलत राहील. आजोबांच्या ध्वनिमुद्रणाला मात्र तेवढी सवड नाही.