टिकाऊ सायकल म्हणजे दुरुस्त होणारी सायकल

जून 2015 मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांगला डाउनहिल सायकलिंगच्या विश्वचषकाची फेरी होती. अमेरिकेचा आरोन ग्विन सुटला आणि पहिल्या काही पॅडलांतच त्याची चेन तुटली. उरलेला सगळा डोंगर तो पॅडल न मारता उतरला आणि ती शर्यत त्याने जिंकली. आदल्याच वर्षी याच लिओगांगला त्याचा मागचा टायर बसला होता. रिमवर खडखडत तो खाली पोहोचला खरा, पण निकालात फार मागे पडला. डाउनहिल सायकल घ्यायला निघालेल्या माणसाने या दोन निकालांवर घटकाभर विचार करावा. दुकानात आपली नजर आधी गिअरच्या संचाकडे आणि फ्रेमच्या चकाकीकडे जाते. उतारावर मात्र सायकलची सगळी भिस्त टायर, रिम, ब्रेक, सस्पेन्शन आणि सांध्यांतल्या बेअरिंगवर असते, आणि हे सगळे भाग झिजणारेच आहेत. म्हणून ‘ही सायकल किती मजबूत आहे?’ या प्रश्नाआधी ‘हिचा झिजलेला भाग किती सहज आणि किती वर्षे बदलून मिळेल?’ हा प्रश्न विचारावा, असे माझे ठाम मत आहे.

या सायकलीवर काय गुदरते ते नीट पाहिले की हे मत पटते. स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमचा प्रसिद्ध मार्ग सुमारे 2.8 किलोमीटरचा आहे आणि तेवढ्यात साधारण 550 मीटर उतार आहे. अव्वल स्वार तो पाच मिनिटांच्या आत संपवतात. स्वार आणि सायकल मिळून शंभर किलो धरले, तर एवढ्या उताराला जवळजवळ 5.4 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. खोलीच्या तापमानाचे दीड लिटर पाणी उकळायला ती पुरेल. यातली काही वाऱ्याशी आणि जमिनीशी झगडण्यात जाते, पण मोठा वाटा ब्रेकच्या दोन पातळ चकत्या आणि शॉकमधले थोडेसे तेल यांच्या वाट्याला येतो. हा खेळ जन्मला तेव्हाही अडचण हीच होती. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत जुन्या, जड सायकलींवर उताराच्या शर्यती सुरू झाल्या. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. एका उतारात त्यातले ग्रीस जळून धूर निघायचा आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागायचे. आज पुढे-मागे 200 मिलिमीटर दबणारे सस्पेन्शन आले, डबल क्राउनचा फोर्क आला, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आले, तरी उष्णता आणि धक्के कुठे तरी मुरावेच लागतात. ज्या भागात ते मुरतात तो भाग झिजतो, मग त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव असो.

यावर पहिला आक्षेप हमखास फ्रेमचा येतो. फ्रेम मोडली तर बाकीचे भाग बदलून काय उपयोग? आक्षेप रास्त आहे, म्हणून फ्रेमकडे बारकाईने पाहायलाच हवे. पोलादाचा एक गुण असा की ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला तर ते जवळजवळ कितीही हेलकावे सोसते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान ताणही पुरेशा वेळा बसला की कधी तरी चीर पडते. म्हणून डाउनहिलच्या ॲल्युमिनियम फ्रेमच्या नळ्या जाड ठेवतात, आणि त्या सायकलींचे वजन पंधरा-सोळा किलोंच्या पुढे जाण्याचे ते एक कारण आहे. कार्बनची तऱ्हा वेगळी. धातूसारखा तो थकत नाही, पण टोकदार दगडाचा फटका आतल्या थरांना लागला तर वरून ओरखड्यापलीकडे काही दिसेलच असे नाही. कार्बन दुरुस्त होतो हे खरे, पण ते काम जाणणारा कारागीर जवळपास असायला हवा. ‘जगज्जेते कार्बनवर धावतात, मग तोच घ्यावा’ हे म्हणणे इथे लागू पडत नाही. त्यांच्या दिमतीला मेकॅनिक असतात आणि गाडीत सुटे भाग असतात. एकच सायकल सात-आठ वर्षे वापरू पाहणाऱ्या सामान्य स्वाराला मी ॲल्युमिनियमच सुचवेन. त्यातही कंपनीच्या माहितीपुस्तिकेत सायकल कोणत्या वापरासाठी आहे ते वाचावे. अमेरिकेतल्या एएसटीएम मानकात वापराचे पाच प्रकार आहेत आणि डाउनहिल पाचव्यात येते. चौथ्या प्रकारची सायकल दिसायला अगदी तशीच असू शकते, पण मोठ्या उड्यांसाठी ती बनवलेली नसते.

फ्रेमचा खरा कस तिच्या सांध्यांत लागतो. खालच्या क्रँकची बेअरिंग आट्यांवर बसणारी आहेत की दाबून ठोकलेली? आट्यांची असतील तर योग्य पान्याने ती काढता-घालता येतात, आणि चिखलात सायकल वापरणाऱ्याला हे सुख मोठे आहे. मागचे चाक धरणाऱ्या हाताच्या सांध्यांतली बेअरिंग बाजारात सहज मिळणाऱ्या मापाची आहेत का? आणि मागचा गिअर ज्याला टांगलेला असतो तो हँगर? ॲल्युमिनियमचा हा छोटा तुकडा दगड लागला की आधी स्वतः वाकतो किंवा मोडतो आणि फ्रेमला वाचवतो. पूर्वी जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असे आणि तो न मिळाल्याने चांगली सायकल आठवडेच्या आठवडे अडकून पडे. 2019 मध्ये स्रॅम कंपनीने सर्वांना वापरता येईल असा एक सामाईक हँगर आणला आणि पुढे अनेक कंपन्यांनी तो स्वीकारला. दोन सायकलींमध्ये मन अडले, तर हा हँगर असलेली घ्यावी, मग तिचा गिअरचा संच एक पायरी हलका असला तरी चालेल. उतारावर गिअर किती कमी लागतात ते ग्विनने दाखवलेच आहे.

गिअरच्या संचात वाचलेले पैसे चाकांवर घालावेत. डाउनहिलचे दुहेरी थरांचे टायर एकेक किलोच्या पुढे जातात आणि ते वजन पाहून नवखा स्वार हलके टायर बसवायचा मोह धरतो. पातळ टायर दगडावर दबला की थेट रिम बडवली जाते. रिम चेपते, स्पोक सैल होतात, चाक आउट होते. म्हणजे टायरमध्ये केलेली काटकसर अख्ख्या चाकाच्या किमतीत फिटते. चेपलेल्या ॲल्युमिनियम रिमची कड बऱ्याचदा सरळ करता येते, कार्बनची रिम तडकली की बदलावीच लागते. स्पोकही साधे, कुठल्याही बऱ्या दुकानात मिळणारे असावेत.

मग येते निगा. इथला आक्षेप असा की वरचेवरच्या सर्व्हिसने फक्त कंपन्यांचे खिसे भरतात. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी आपल्या फोर्कच्या खालच्या नळ्या दर 50 तासांनी उघडून तेल बदलायला सांगते. दिवसाला प्रत्यक्ष उताराचे दोन तास धरले तरी हे पंचवीस दिवसांतून एकदा येते आणि त्यात लागते ते थोडे तेल नि सील. ते टाळले तर काय होते हे फोर्कच्या गुळगुळीत नळीवर दिसते. सीलच्या कडेला धुळीचे काळे कडे साचते, त्यातले कण आत जातात, आणि मग नळीवरून नख फिरवले की ते बारीक चरीत अडकते. त्या चरीतून तेल झिरपत राहते आणि नळी बदलायचा खर्च सीलच्या कितीतरी पट असतो. चेनचेही तसेच आहे. अकरा-बारा गिअरच्या चेनची लांबी अर्धा टक्का वाढली की ती बदलावी, नाहीतर तिच्यामागून मागच्या चाकावरच्या कॅसेटचे दाते जातात. शिमानोच्या ब्रेकची चकती 1.5 मिलिमीटरपेक्षा पातळ झाली की काढून टाकायची असते. ब्रेकच्या तेलात घोटाळा करू नये. काही ब्रेकना मिनरल ऑइल लागते, काहींना डॉट, आणि एकाच्या जागी दुसरे भरले तर सील फुगून ब्रेक निकामी होतो. डॉट तेल हवेतली ओल शोषते, त्यामुळे ते वेळोवेळी बदलणे भाग आहे. धुण्यासाठी मात्र प्रेशर पंपाची धार बेअरिंगवर मारू नये, कारण ती ग्रीस हुसकून पाणी आत घालते. बादली, मऊ ब्रश आणि फडके पुरते. फडक्याने पुसतानाच वेल्डच्या कडेला टॉर्च मारून रंगात केसासारखी रेघ दिसते का ते पाहावे. मग सीट धरून मागचे चाक अलगद उचलावे. चाक जमिनीवरून उठण्याआधी हाताला ‘कट्’ असे जाणवले, तर सांध्यातले बेअरिंग किंवा शॉकचा बुश गेलेला असतो.

जुनी सायकल स्वस्तात घेणाऱ्यानेही हीच तपासणी करावी. फोर्कची नळी निर्दोष असेल आणि सुटे भाग मिळत असतील, तर चार वर्षांची डाउनहिल सायकल घ्यायला हरकत नाही. सह्याद्रीत सायकल वर नेणारी लिफ्ट नाही, त्यामुळे सोळा किलोंचे हे धूड घाटात स्वतः चढवायचे आहे, हे आपल्याकडच्या वाचकाने विसरू नये. बहुतेकांना 150 ते 170 मिलिमीटर सस्पेन्शनची एन्ड्युरो सायकल, म्हणजे चढावही पॅडल मारत चढता येणारी सायकल, पुरेशी आहे. तिलाही वरचा प्रत्येक निकष लागू पडतो. पावसाळ्यातला मुरमाचा चिखल रेझिनचे ब्रेकपॅड भराभर खातो. धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात, पण स्वस्त चकत्यांपैकी काहींवर ‘फक्त रेझिन’ असे कोरलेले असते आणि त्यांवर ते चालत नाहीत.

पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: फोर्कच्या सीलचा क्रमांक, सांध्यांतल्या बेअरिंगची मापे, हँगरचा प्रकार आणि ब्रेकला लागणारे तेल. ही माहिती त्याला देता आली नाही, तर ती सायकल कितीही देखणी असली तरी घेऊ नका.