पाण्यावरची भाजी, पण मोटारीविना

घरच्या घरी मातीविना भाजी म्हटली की डोळ्यांसमोर येतात पांढऱ्या पाइपांचे मजले, त्यांतून सतत पाणी फिरवणारी मोटार आणि जांभळट दिवे. मोठ्या शहरातल्या गच्चीवर हे चालून जाते. धडगावसारख्या सातपुड्यातल्या गावी, जिथे वादळपावसात वीज गेली की परत येण्याची वाट बघावी लागते, तिथे हा संच चुकीचा आहे. वाहते पाणी थांबले की कडक उन्हात काही तासांतच रोपे माना टाकतात. म्हणून मातीविना शेतीच नको, असे मात्र नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील संशोधकांनी २०१५ साली लेट्यूसचा हिशेब मांडला. किलोभर पाल्याला शेतात सुमारे २५० लिटर पाणी लागते, तर मातीविना पद्धतीत सुमारे २०. पण त्यासाठी लागणारी ऊर्जा ८० पटींहून अधिक, आणि तिचा मोठा वाटा हरितगृह गरम-थंड ठेवण्यात व दिव्यांत गेलेला. म्हणजे पाण्याची बचत आणि विजेचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी चढ-उतार करावी लागणाऱ्या मुलखाने पहिली घ्यावी आणि दुसरी सोडावी.

तशी पद्धत तयार आहे. हवाई विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅट्की यांनी ती सविस्तर मांडली. झाकणाच्या भांड्यात अन्नद्रव्ये विरघळलेले पाणी भरायचे, झाकणाला भोक पाडून त्यात छोट्या जाळीदार कपात कोकोपीट आणि रोप बसवायचे, कपाचे बूड पाण्याला टेकेल एवढीच पातळी ठेवायची. रोप पाणी पिते, पातळी उतरते, झाकण आणि पाणी यांच्यामध्ये हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीतली मुळे प्राणवायू घेतात आणि खालची पाणी. मोटारीचे काम रोपच करून घेते. म्हणून मध्येच भांडे पुन्हा काठोकाठ भरू नये. हवेला सरावलेली मुळे बुडाली की रोप गुदमरते. भांडे खाद्यतेलाच्या प्लास्टिक कॅनचे चालते, पण बाहेरून गोणपाट किंवा काळा कागद गुंडाळायला हवा, कारण उजेड शिरला की शेवाळ धरते. पत्र्याचा डबा गंजतो, तो नको. लेट्यूसच्या एका रोपाला सुरुवातीच्या तीन-चार लिटरांत काढणीपर्यंत निभावता येते. भारतातही विजेवाचून मातीविना शेती करण्याची कल्पना जुनी आहे: शोल्टो डग्लस यांनी १९४६ नंतर बंगालच्या डोंगरी भागात, कालिंपोंगला, वाळू-खडीच्या वाफ्यांत साध्या साधनांनी असेच प्रयोग केले होते.

खरी अडचण खतांची. दुकानात सर्वांत आधी हाती येते ते १९:१९:१९ (नत्र:स्फुरद:पालाश), आणि नवशिक्याचा घात इथेच होतो. त्यातले निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते. मातीतले जिवाणू युरिया फोडून पिकाला देतात. स्वच्छ पाण्यात ते जिवाणू पुरेसे नसतात, शिवाय या खतात कॅल्शियमही नाही. त्याऐवजी दहा लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ८ ग्रॅम, १३:०:४५ हे ३ ग्रॅम, ०:५२:३४ हे २ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम, आणि लोहासह चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्ये वेष्टनावरील प्रमाणात, एवढे पालेभाजीला पुरते. कॅल्शियम नायट्रेट मात्र वेगळ्या भांड्यात विरघळवून शेवटी मिसळावे. घट्ट द्रावणे एकत्र केली तर चुन्यासारखा साका तळाला बसतो आणि अन्न वाया जाते. ही सगळी नावे पायथ्याच्या शहादा-तळोद्याच्या सपाटीवर ठिबकवर मिरची आणि पपई घेणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडची आहेत, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात ती परकी वाटणार नाहीत. द्रावणाचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. बेसॉल्ट खडकातल्या बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते. छपरावरून उतरवून झाकून ठेवलेले पावसाचे पाणी त्याहून कितीतरी चांगले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: परसबाग असताना हे कशाला? आक्षेप बरोबरच आहे. होगलंड आणि आर्नन या कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्येच दाखवून दिले होते की सुपीक जमिनीपेक्षा पाण्यावरच्या पिकाचे उत्पादन काही विशेष जास्त येत नाही. पाड्यावर घराभोवती जागा आणि सांडपाणी असेल त्याने वाफाच करावा. पावसाळ्यात तर रानच भाजी देते. ही पद्धत त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे अंगणच नाही: धडगावात भाड्याच्या खोलीत राहणारे शिक्षक, परिचारिका, कर्मचारी, आणि आश्रमशाळांची वसतिगृहे. धडगावच्या वाटेवरच्या चांदसैली घाटात दरड कोसळली की खालून येणारी भाजी अडते, तेव्हा दहा-वीस भांड्यांची हिरवी पाने काही सगळी गरज भागवणार नाहीत, पण मुलांच्या ताटात पान पडेल. दुसरा आक्षेप रसायनांचा. शेणखत असो वा मीठरूपी खत, रोप नत्र घेते ते मुख्यतः नायट्रेटच्या रूपात, हे खरे. तरी सावलीत वाढलेल्या पालेभाजीत ते जास्त साठते, हेही तितकेच खरे. म्हणून भांडी उन्हात ठेवावीत आणि पाने दुपारनंतर खुडावीत. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: साठलेले पाणी म्हणजे डास. झाकणाची प्रत्येक फट बंद आणि रिकाम्या भोकावर कापड, यात सवलत नाही. हे जमणार नसेल तर प्रयोग करूच नये.

उन्हाळाही विसरून चालणार नाही. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि मुळे कुजतात. पालक, कोथिंबीर, लेट्यूस यांची सुरुवात ऑक्टोबरनंतरच करावी आणि फेब्रुवारीअखेर आवरावी. मार्चपासून नाळीची भाजी, मायाळू, पुदिना, तेही दुपारच्या सावलीत आणि ओल्या गोणपाटाखाली. खर्चाचे म्हणाल तर एक किलो कॅल्शियम नायट्रेटचे साडेबाराशे लिटर द्रावण होते. एका घराला ते संपणारच नाही, आणि उघडे राहिले तर हवेतला ओलावा शोषून पाणी सुटते. त्यामुळे बचत गटाने किंवा आश्रमशाळेने खतांचा एकच संच आणि ग्रॅम मोजणारा एकच छोटा काटा घ्यावा, चार-पाच घरांत वाटून वापरावा. आणि पंपाचा तयार संच विकणारा दारात आला, तर त्याला परत पाठवावे.