तृतीयपंथीयांसाठी सार्वजनिक आरोग्यसेवा

जन्मसमयी नोंदलेले लिंग व स्वतःची लिंगभावना यांत ज्यांच्या बाबतीत मेळ नसतो, अशा व्यक्तींसाठी शासकीय रुग्णालयांतून होणारी उपचारांची व्यवस्था. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या सदरात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असावी. कारण नोंदणीविषयी या समाजात जुने भय आहे व ते निराधार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमान्वये उत्तर भारतातील काही प्रांतांत हिजड्यांची नोंदवही ठेवण्यात येई. हैदराबाद संस्थानात १९१९ मध्ये अशाच नोंदवहीची, तसेच नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात आढळल्यास विनावॉरंट अटकेची तरतूद झाली. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा या संस्थानात मोडत असे. तेलंगण उच्च न्यायालयाने हा अधिनियम २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला.

शासकीय आरोग्ययंत्रणेचा या समाजाशी व्यापक संबंध प्रथम एचआयव्ही-नियंत्रणामुळे आला. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत या गटात संसर्गाचे प्रमाण सु. ३.१ टक्के, तर सर्वसाधारण प्रौढांत सु. ०.२२ टक्के आढळले. त्यामुळे हा भर रास्तच होता. तथापि क्षय, मधुमेह, मूत्रमार्गाच्या तक्रारी, नैराश्य इ. बाबी मागे पडल्या. परंपरेने दाईअम्माकडून होणाऱ्या ‘निर्वाण’ या लिंगच्छेदनात अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग व मूत्रमार्ग अरुंद होणे हे धोके असतात. गर्भनिरोधक गोळ्या हॉर्मोनांसाठी परस्पर घेतल्यास शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. हॉर्मोन उपचारांत म्हणूनच पहिल्या वर्षी साधारणतः दर तीन महिन्यांनी तपासणी करतात. ती खर्चिक नसते. पण सातत्याने व्हावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रुग्णालयांत या व्यक्तींच्या उपचारांची व्यवस्था करण्याचे निर्देश दिले. २०१९ च्या अधिनियमाने शस्त्रक्रिया, हॉर्मोन उपचार, समुपदेशन व विमा यांची जबाबदारी शासनावर टाकली. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ मध्ये ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. कल्याण व पुणे येथील ‘मित्र’ चिकित्सालये मात्र परकीय निधी थांबताच २०२५ च्या जानेवारीत बंद पडली. सेवेला कायम शासकीय आधार का हवा, हे यावरून कळते.

हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे तालुके. कळमनुरीच्या वा सेनगावच्या रुग्णास मुंबईतील कक्षाचा उपयोग बेताचाच. दर तिमाहीची तपासणी ग्रामीण रुग्णालयातही करता येण्याजोगी आहे. तेथे स्वतंत्र कक्षापेक्षा प्रशिक्षित वैद्य व नेमका एक वार अधिक उपयोगी ठरेल. केसपेपरावर कोणते नाव लिहावे, स्त्रियांच्या की पुरुषांच्या कक्षात खाट द्यावी, हे परिचारिकेला आधी माहीत असले, तर रुग्ण दारातून परत जात नाही. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने अशा प्रशिक्षणाची सोय जिल्ह्यातच होऊ शकते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या आयुष्मान भारत टीजी प्लस योजनेत प्रत्येकी वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण ठेवण्यात आले. परंतु त्यासाठी प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने प्रश्न पुन्हा नोंदवहीपाशीच येतो.