मटका किंग: पडद्यावरचा आणि हिशेबातला

सीवूड्स-दारावेहून सीएसएमटीची लोकल पकडली की शिवडीनंतर कॉटन ग्रीन लागतं. उलट दिशेला पुढचंच स्टेशन बेलापूर, आणि तिथे सेक्टर 10 मध्ये भारतीय कापूस महामंडळाचं मुख्यालय, कपास भवन. मटक्याची गोष्ट सांगायला सुरुवात करावी ती या दोन ठिकाणांवरून, कारण हा जुगार मडक्यातून नाही, कापसाच्या भावातून निघाला. मॉलमधल्या थिएटरात किंवा घरच्या टीव्हीवर मटका किंगच्या गोष्टी पाहिलेल्यांना मात्र आठवतो तो पैशांच्या राशीत बसलेला, नशीब मुठीत घेऊन फिरणारा एक माणूस. रतन खत्री त्याचं नाव. त्याच्याविषयी सिनेमाने पक्क्या करून ठेवलेल्या बऱ्याच समजुती तपासल्या की डळमळतात.

पहिली समजूत म्हणजे मटका खत्रीने शोधून काढला. तसं नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सकाळी भाव काय उघडला आणि संध्याकाळी कितीवर बंद झाला, हे टेलिप्रिंटरवरून मुंबईत कळायचं आणि इथे त्या आकड्यांवर पैजा लागायच्या. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. 1961 मध्ये न्यूयॉर्कहून येणारे हे आकडे बंद झाले. लावणारे होते, घेणारे होते, फक्त आकडा नव्हता. तेव्हा आकडा इथेच काढायची शक्कल निघाली. 1962 मध्ये वरळीत तो धंदा सुरू केला कल्याणजी भगत यांनी. कच्छमधून 1941 च्या सुमारास मुंबईत आलेला हा माणूस आधी मसाले विकायचा, मग किराणा दुकान सांभाळायचा. फाळणीनंतर कराचीहून आलेला सिंधी तरुण रतन खत्री त्याच्याच हाताखाली होता. 1964 मध्ये तो वेगळा झाला आणि 'न्यू वरळी' नावाने आपला मटका चालवू लागला.

त्यावरूनच दुसरी समजूत सहज निकालात निघते. 'कल्याण' मटका म्हणजे कल्याण शहरातून निघणारा, असं डोंबिवलीपासून पनवेलपर्यंत अनेक जण छातीठोकपणे सांगतात. ते कल्याण कल्याणजींचं, स्टेशनाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता मडकं. पडद्यावर ते हवंच असतं, कारण कॅमेऱ्याला काहीतरी दाखवायला लागतं. सुरुवातीला मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढत हे खरं, पण लवकरच मडकं नावापुरतं उरलं आणि पत्ते आले. गुलाम, राणी, राजा बाजूला काढायचे, एक्का ते दहा ठेवायचे, दहा म्हणजे शून्य. तीन पत्ते काढायचे. समजा 2, 5 आणि 8 आले. बेरीज 15, शेवटचा आकडा 5, हा ओपन. काही तासांनी पुन्हा तीन पत्ते, समजा 3, 4 आणि 9. बेरीज 16, क्लोज 6. जोडी झाली 56. तीन पत्त्यांच्या संचाला पत्ती किंवा पाना म्हणतात. एवढा सोपा खेळ, त्यामुळे गिरणीतून सुटलेल्या कामगाराला चार आण्यांतही भाग घेता यायचा.

सिनेमा इथे हमखास चुकतो. त्याला असा नायक लागतो ज्याला आकडा 'दिसतो'. प्रत्यक्षात मटका चालवणाऱ्याला आकडा ओळखायची गरजच नसते. एका आकड्यावरचा सर्वसाधारण भाव एकास नऊ. शक्यता दहात एक. कुणी दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर त्याचे दहा जातील आणि नऊ परत येतील, मग कुठलाही आकडा निघो. जोडीलाही तेच, शंभरात एक शक्यता आणि भाव नव्वद. पैसे सगळ्या आकड्यांवर सारखे पसरले, तर मालकाला शंभरामागे दहा रुपये सुटतात. एखाद्या आकड्यावर जास्त बोजा आला तर बुकी तो वरच्या बुकीकडे उतरवतो. यात अंतर्ज्ञान कुठेच नाही, वही आहे.

पत्तीचा हिशेब तर याहून बोलका आहे, आणि तो कुठल्याच चित्रपटात येत नाही. 40 पत्त्यांचा कॅट प्रामाणिकपणे पिसला असं धरू. त्यातून तीन पत्ते निघण्याचे 9,880 प्रकार होतात. तिन्ही आकडे वेगळे असलेली एखादी पत्ती, म्हणजे 258 सारखी, येण्याची शक्यता साधारण 154 मध्ये एक. दोन आकडे सारखे असलेली, जशी 225, सुमारे 412 मध्ये एक. आणि तिन्ही सारखे, 777 वगैरे, 2,470 मध्ये एक. ऐकिवात असलेले भाव अनुक्रमे 140, 280 आणि 600 च्या आसपासचे. पहिल्या प्रकारात मालक शंभरामागे नऊ रुपये ठेवतो, दुसऱ्यात बत्तीस, तिसऱ्यात चक्क पंचाहत्तरच्या वर. म्हणजे जी पत्ती स्वप्नात येते, जिच्यासाठी बाबाकडे खेटे घातले जातात, तीच सगळ्यात महाग पडते. जुन्या निकालांचे 'चार्ट' विकणारे आणि 'गेसिंग' करणारे पोट भरतात ते लोकांच्या याच अज्ञानावर. कालच्या पत्त्यांना आजच्या पत्त्यांची ओळख नसते.

मग खत्री मोठा झाला कशाने? विश्वासाने, असं त्या काळाचे वार्ताहर सांगतात. पत्ते लोकांसमोर काढायचे, कधी पाहुण्याच्या हातून, कधी एखाद्या सिनेनटाच्या. निकाल काही मिनिटांत फोनवरून गावोगाव जायचा आणि लागलेला पैसा दुसऱ्या दिवशी चुकता व्हायचा. बेकायदा धंद्यात पावती नसते, तिथे शब्द फिरला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी समोरच्या अड्ड्यावर जातं. रोजची उलाढाल अमुक कोटी होती, असे आकडे लेखांतून फिरतात. ज्या धंद्याची वही कुणी तपासली नाही त्याचे आकडे मी तरी मिठाच्या चिमटीसकट घेतो.

'धर्मात्मा' हा खत्रीचा जीवनपट, ही आणखी एक लाडकी समजूत. फिरोज खान यांचा 1975 चा हा चित्रपट मुळात 1972 च्या 'गॉडफादर'वर बेतलेला आहे. बाप धंद्यात, मुलाला तो नको, आणि शेवटी तोच मुलगा त्यात ओढला जातो, हा सांगाडा तिथला. प्रेमनाथ यांनी रंगवलेल्या बापाला खत्रीची छटा दिली, असं सर्वत्र सांगितलं जातं आणि ते पटण्यासारखं आहे. पण छटा म्हणजे चरित्र नाही. 2024 चा तेलुगू 'मटका' आणखी लांब जातो. त्याचा नायक ब्रह्मदेशातून विशाखापट्टणमला आलेला निर्वासित. कराची ते मुंबई हा प्रवास तिथे पार दुसऱ्या किनाऱ्याला लागतो. नागराज मंजुळे आणि विजय वर्मा यांची 'मटका किंग' मालिका 2024 मध्ये जाहीर झाली, तेव्हाच तिचा नायक काल्पनिक कापूस व्यापारी असल्याचं सांगितलं होतं. निर्माते स्वतः काल्पनिक म्हणत असताना प्रेक्षकांनी ते इतिहास म्हणून वाटत सुटावं, याला काय म्हणायचं?

परदेशी चित्रपटांशी तुलना केली की गोंधळ वाढतो. अमेरिकेचा स्टू अंगर हा खराखुरा जुगारी होता. 1980, 1981 आणि 1997 असं तीनदा पोकरचं जागतिक अजिंक्यपद जिंकलेला, व्यसनांत बुडालेला, 1998 मध्ये लास व्हेगासच्या एका मोटेलात मेलेला. त्याच्यावर 2003 मध्ये चित्रपट आला. अंगर टेबलाच्या या बाजूला बसून समोरच्याचे पत्ते ओळखायचा. खत्री टेबलाचा मालक. आपले पटकथाकार मालकाला खेळाडूचा स्वभाव चिकटवतात, आणि मग त्याला खेळाडूचा करुण शेवटही द्यावा लागतो. खत्रीचा शेवट तसा झाला नाही. आणीबाणीत तो सुमारे 19 महिने तुरुंगात होता, 1990 च्या दशकात धंद्यातून बाजूला झाला आणि मे 2020 मध्ये मुंबईत राहत्या घरी 88 व्या वर्षी गेला. निवृत्तीनंतर महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तो दिसायचा म्हणतात. तिथे मात्र तो पैसे लावणाऱ्यांच्या रांगेतला.

रक्तपात हवाच असेल तर तो दुसऱ्या घरात, आणि खूप नंतरचा. कल्याणजींचे पुत्र सुरेश भगत 13 जून 2008 रोजी अलिबागच्या न्यायालयातून परतत होते. अलिबाग-पेण रस्त्यावर त्यांच्या गाडीवर ट्रक आदळला, ते आणि सोबतचे लोक ठार झाले. सुरुवातीला अपघात वाटलेला हा कट निघाला. 2013 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांची पत्नी आणि मुलगा यांच्यासह सहा जणांना जन्मठेप दिली. टोळ्यांचं युद्ध नाही, गादीवरून घरात पेटलेला वाद. तोवर मटक्याचा पाया असलेलं गिरणगावच उरलं नव्हतं, 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपाने ते मोडलं होतं.

'तेव्हा चालायचं, म्हणजे कायदेशीर असणार' हेही कानावर येतं. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. मटका जन्मला तो बेकायदाच. सरकारची लॉटरी 1969 पासून चालू होती, तेवढी सूट सरकारला स्वतःला. कसिनोंसाठी 1976 मध्ये राज्याने एक कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. त्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. 1887 च्या कायद्यात ती आहे, आणि अड्ड्यावर धाड पडली की चिठ्ठी घेऊन उभा असलेला गिऱ्हाईकही गाडीत बसतो.