नीळकंठशास्त्री गोरे यांचे धर्ममंडन

स्वधर्मातील श्रद्धेचे युक्तिवादाने समर्थन करणे यास आपल्या शास्त्रपरंपरेत मंडन म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘अपोलोगिया’ हा शब्दही मूळचा न्यायासनापुढील बचावाच्या भाषणाचा वाचक आहे. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा तेवढा मोडावयाचा ती वितंडा. (शालेय वादविवादात बक्षीस बहुधा जल्पालाच मिळते, हे आम्हां शिक्षकांना कबूल केले पाहिजे.)

वाद करावयाचा तर आधी पूर्वपक्ष मांडावा लागतो, आणि तोही प्रतिपक्षाला आपलाच वाटेल अशा रीतीने. हे काम किती जोखमीचे आहे ते काशीनिवासी महाराष्ट्रीय पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांच्या चरित्रावरून कळते.

कंपनी सरकारचे अधिकारी जॉन म्यूर यांनी १८३९ साली ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृतात रचून पंडितांना त्यांच्याच भाषेत आव्हान दिले. संस्थापकाचे चमत्कारसामर्थ्य, शास्त्राचे पावित्र्य व त्याची सार्वत्रिकता या त्यांनी खऱ्या धर्माच्या कसोट्या ठरविल्या होत्या. गोरे यांनी विशीच्या उंबरठ्यावर, १८४४-४५ मध्ये, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून उत्तर दिले. पूर्वजन्म न मानल्यास जन्मतःच दिसणाऱ्या सुखदुःखांच्या विषमतेचा खुलासा कसा करावयाचा? परिमित पापाला अनंत नरक देणारा ईश्वर न्यायी कसा? या शंका आजही कोणा विचारी ख्रिस्ती पंडिताला हलक्या वाटणार नाहीत.

काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ यांना निरुत्तर करावे म्हणून गोरे त्यांच्याकडे जाऊ लागले होते. त्यासाठी बायबल वाचणे ओघानेच आले. मार्च १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व ते नेहेम्या झाले. कोणी यास ख्रिस्ती धर्माचा विजय म्हणाले, कोणी पंडिताचे पतन. मला दोन्ही निवाडे उतावळे वाटतात. जिंकण्यासाठी आरंभिलेला जल्प येथे वादात पालटला, एवढेच निश्चित म्हणता येईल.

पुढे १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी सहाही दर्शनांचे खंडन केले. यावेळचा पूर्वपक्ष त्यांना उसना आणावा लागला नाही. १८९५ साली ते मुंबईत वारले. त्यांच्या तरुणपणीच्या संस्कृत मंडनाची सदाशिव कात्रे यांनी संपादिलेली आवृत्ती उज्जैनच्या सिंदिया ओरिएंटल इन्स्टिट्यूटतर्फे १९५१ मध्ये निघाली.